तारेपाशी अडलेला तडा

कुसुम,

परवा आपल्या शाळेत तुझी शोकसभा झाली. तू मोठी शास्त्रज्ञ होतीस, तू कर्जतचं नाव केलंस, मुलींनी तुझा आदर्श ठेवावा, असं सगळे बोलले. मी पहिल्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. मला कुणी बोलायला सांगितलं नाही आणि मीही उठले नाही. सभा संपल्यावर दारात एका बाईंनी माझा हात धरून हळूच विचारलं, "नलूताई, पण त्या नक्की करायच्या तरी काय?" मी म्हटलं, "धातूत तारा घालायची." बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुःखात काहीतरी बोलतेय बिचारी, असं त्यांना वाटलं असणार.

तेव्हाच ठरवलं, हे एकदा नीट लिहायचं. तुझं शिक्षण, पदव्या, परदेशातली ती एक सफर, हे वर्तमानपत्रात छोट्या चौकटीत येऊन गेलं. मला ते लिहायचं नाही. मला माझ्या उजव्या पायाबद्दल लिहायचंय, कारण तू काय करायचीस हे त्या पायाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. तू असतीस तर वाक्यावाक्याला अडवलं असतंस. "असं नाही गं, नलू, शब्द नीट वापर." आता अडवायला तू नाहीस, म्हणून धीर करते.

तुझे वडील, आप्पा, रेल्वेत होते. घाट चढायच्या आधी पुण्याची प्रत्येक गाडी कर्जतला थांबते आणि मागून ढकलायला तिला बँकर इंजिन जोडतात. तेवढ्या वेळात आप्पा लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेनं चालत जायचे आणि चाकाचाकावर टोला द्यायचे. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तू लहानपणी त्यांच्या मागे मागे फिरायचीस आणि घरी येऊन तांब्यापासून पाट्यापर्यंत दिसेल ते चमच्यानं वाजवायचीस. मला लहानपणी पोलिओ झाला होता. मुंबईच्या हॉस्पिटलातून माझ्यासाठी कॅलिपर आला, तेव्हा गल्लीतल्या बाकीच्या मुली लांबून बघत राहिल्या. तू जवळ आलीस आणि चमच्यानं तो वाजवून पाहिलास. मग म्हणालीस, "चांगला आहे." आपली मैत्री तिथून सुरू झाली, असं मी धरते.

ज्यांनी कॅलिपर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मांडीपासून बुटापर्यंत पायाच्या दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या, त्यांना धरून ठेवणारे चामड्याचे पट्टे, आणि गुडघ्याशी एक खटका. तो खटका बसला की लुळा पाय खांबासारखा उभा राहतो. पावलागणिक शरीराचा सगळा भार त्या दोन पट्ट्यांवर येतो, पाऊल उचललं की जातो, पुन्हा येतो. मी वर्षानुवर्षं चालले ती अशी.

पहिल्यांदा पट्टी तुटली तेव्हा आपण अकरावीत होतो. स्टेशनचा पूल उतरत होतो. मला आवाज आठवत नाही, फक्त पायऱ्या एकदम तोंडापाशी आल्या ते आठवतं. दप्तर एकीकडे, मी एकीकडे. हनुवटी फुटली होती. फलाटावरची दोन माणसं धावत आली आणि त्यांनी मला उचलून बाकावर बसवलं. तू कुठे आहेस म्हणून बघते, तर तू पायरीवर बसून माझी तुटलेली पट्टी उन्हाकडे धरून न्याहाळत होतीस.

थोड्या वेळानं आलीस. माझ्या हनुवटीकडे पाहिलंसही नाहीस. मोडलेलं टोक माझ्यापुढे धरलंस आणि म्हणालीस, "नलू, हे आज नाही तुटलं गं. हे कधीचं तुटत होतं."

मी रडत होते, तरी पाहिलं. पट्टीच्या मोडलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग करडा आणि गुळगुळीत होता. त्याच्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक बारीक रेषा होत्या, एका कडेपासून सुरू होऊन आत सरकत गेलेल्या. उरलेला भाग मात्र खडबडीत, चकचकीत, साखर फोडल्यासारखा. तू बोटानं दाखवलंस. गुळगुळीत भाग जुना, तो रोज थोडाथोडा तुटत होता. चकचकीत भाग आजचा, तो बिचारा एकटा उरला होता आणि एकदम गेला.

त्यावरून आपण जन्मभर भांडलो. "मी पडले होते आणि तू लोखंड बघत बसलीस," हे मी तुला कितीदा ऐकवलं असेल. तुझं उत्तर कधी बदललं नाही. "तुला उचलायला माणसं होती. लोखंडाला कुणी नव्हतं." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता वाटतं, त्या पायरीवर बसलेल्या मुलीला आपण आयुष्यात काय करणार ते कळून चुकलं होतं, आणि मला ते समोर दिसत असून कळत नव्हतं.

तू मुंबईला धातूंचं शास्त्र शिकायला गेलीस. त्या शाखेत मुलींसाठी वेगळी खोलीसुद्धा नव्हती, हे तू हसत सांगायचीस. मी शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं आणि चौकच्या शाळेत लागले, मराठी आणि भूगोल शिकवायला. कर्जतहून एसटी, चौकला उतरायचं, मुंबई–पुणे हायवे ओलांडायचा आणि शाळेत जायचं. एवढंच अंतर. पण ते अंतर म्हणजे माझं सगळं आयुष्य होतं. माझी स्वतःची नोकरी, माझे वर्ग, माझी सही. घरात मी 'बिचारी नलू' होते. चौकला मी बाई होते.

पट्ट्या तुटत राहिल्या. कधी घोट्यापाशी, कधी गुडघ्याच्या स्क्रूपाशी. मुंबईहून नवी यायला वेळ लागायचा, म्हणून मधल्या काळात हायवेच्या कडेला गणपतच्या गॅरेजात जोड मारून घ्यायचे. गणपत ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगा, दुरुस्त करायचा. वाकलेल्या, मोडलेल्या लोखंडाचे ढीग त्याच्या दारात पडलेले असायचे. माझ्याकडून तो काही घेत नसे. पट्टी परत देताना मात्र दर वेळी बजावायचा, "मास्तरीणबाय, जोड मारलाय, पन मी भरवसा देनार नाय. जोडाच्या बाजूलाच जाईल परत." आणि तशीच ती जायची.

मला पडण्याची भीती कधीच नव्हती. लहानपणापासून पडत आले, पडायचं कसं हेही मला येतं. भीती होती ती कधी पडेन हे माहीत नसण्याची. पट्टी बाहेरून नेहमी सारखीच दिसायची. आज सकाळी जशी, तशीच तुटायच्या क्षणाआधी. फळ्यावर नकाशा काढताना, मुलांच्या मधून चालताना, प्रत्येक पावलाला मनाचा एक तुकडा खाली पायाशी ठेवलेला असायचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही.

आणि मग ती सकाळ आली. एसटीतून उतरले, रस्ता मोकळा बघून निघाले, आणि रस्त्याच्या मधोमध पट्टी गेली. खोपोलीकडून भरलेला ट्रक येत होता. मला उठता येईना. ड्रायव्हरनं गाडी कडेच्या भातखाचरात घातली, म्हणून आज हे लिहिते आहे. माझं मनगट मोडलं. ट्रकमधला माणूस उतरून माझ्याकडे धावला आणि रस्त्यातच खाली बसला. गणपतनं आणि आणखी दोघांनी मला उचलून ढाब्याच्या बाजेवर निजवलं. "हाय ना मी, घाबरू नका," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्यानंतर माझ्या वडिलांनी, अण्णांनी, नोकरी सोडायला सांगितलं. हेडमास्तर घरी येऊन गेले. फार सौम्यपणे म्हणाले की शाळेला माझी काळजी वाटते. मला कळलं. मी वर्ष संपलं की राजीनामा देते असं सांगून टाकलं.

तू पुढच्या रविवारी आलीस. मी तुला सगळं सांगितलं, ट्रक, मनगट, राजीनामा. मला वाटलं, तू जवळ घेशील. तू विचारलंस, "तुकडे कुठे आहेत?"

मी इतकी चिडले की हसले. म्हटलं, असतील गणपतकडे. तू चहा तसाच ठेवलास, एसटी पकडून चौकला गेलीस आणि संध्याकाळी पट्टीचे तुकडे रुमालात गुंडाळून घेऊन आलीस. जाताना दारात चपला घालताना म्हणालीस, "राजीनामा लगेच देऊ नकोस. मला थोडा वेळ दे."

तू तेव्हा ज्या प्रयोगशाळेत होतीस तिथे विमानांसाठी हलका धातू करायचे प्रयोग चालले होते. ॲल्युमिनियम हलकं, पण पुन्हा पुन्हा वाकवलं की पोलादाच्याही आधी हार खाणारं. म्हणून त्याच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये पोलादाच्या केसासारख्या तारा शेजारी शेजारी अंथरायच्या, सगळं तापवायचं आणि प्रचंड दाबाखाली एकजीव करायचं. वितळवायचं नाही, फक्त दाबायचं. बाहेरून बघितलं तर साधी पट्टी. आत मात्र ओळीनं तारा. तुझ्या साहेबांनी पहिल्यांदा नाहीच म्हटलं. प्रयोगशाळा विमानांसाठी आहे, ओळखीच्या बाईच्या पायासाठी नाही. मग दोन दिवसांनी तुला बोलावून म्हणाले, उरलेले तुकडे घे, पण यंत्रावर तपासल्याशिवाय माणसाच्या पायात काही घालायचं नाही. तुला ते आवडलं होतं. "माणूस रूक्ष आहे, पण अट बरोबर घातली," म्हणालीस.

वर्ष संपलं तरी राजीनामा मी तुझ्या शब्दावर थांबवून ठेवला होता. मे महिन्याच्या सुट्टीत तू मला तिथे नेलंस. तुला आठवतं? मी जरीच्या काठाचं पातळ नेसून आले होते, प्रयोगशाळा म्हणजे काहीतरी समारंभ असेल अशा समजुतीनं. आणि ती निघाली तेलाच्या वासाची, पंख्याची घरघर असलेली लांबोळकी खोली. भिंतीशी दोन यंत्रं होती. प्रत्येकात एक पट्टी एका टोकाशी आवळलेली, दुसरं टोक यंत्र वाकवायचं, सोडायचं, वाकवायचं, सोडायचं. इतकं जलद की टोक धूसर दिसत होतं. एकीत साधं ॲल्युमिनियम, दुसरीत तुझं. "तुझी चाल आहे ही," म्हणालीस. "मी मोजून घेतलीय. फक्त तू सावकाश चालतेस, हे धावतं."

आपण चहा प्यायला बसलो आणि मागे टक् असा आवाज झाला. साधी पट्टी तुटली होती. दुसरी चालूच होती. आपण जेवून आलो, ती चालूच होती. दुपारी तू यंत्र थांबवून ती काढलीस, आतल्या तारा दिसाव्यात म्हणून कापून घासलीस, भिंगाच्या यंत्राखाली ठेवलीस आणि मला स्टुलावर बसवलंस.

कुसुम, मी भूगोल शिकवते. नद्या, दऱ्या, डोंगर कसे होतात हे मुलांना सांगते. पण त्या दिवशी त्या काचेतून जे पाहिलं तसं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. चंदेरी मैदानात कडेकडून एक काळी चीर निघाली होती. नागमोडी, धारदार, सरळ आत यायला निघालेली. माझ्या हाडांपर्यंत गार वाटलं, कारण मी तिला ओळखलं. हीच ती, पुलावरची, हायवेवरची, जी मला कधी दिसली नव्हती. आणि मग ती चीर एका तारेपाशी आली होती आणि तिथे थांबली होती. तारेच्या कडेनं थोडी वळली होती, जणू वाट शोधत होती, आणि तिथेच तिची टोकदार धार बोथट होऊन विरली होती. तार तशीच उभी होती, दोन्ही काठ धरून.

मी विचारलं, "आणि तार तुटली तर?"

"तर शेजारच्या तारा तिचा भार उचलतात," तू म्हणालीस. "तेवढ्यात तडा पुढच्या तारेपाशी येतो. तिथे पुन्हा सगळं पहिल्यापासून."

मी किती वेळ पाहत बसले होते कोण जाणे. तू मला उठवलं नाहीस. खोलीतल्या एका तरुण संशोधकाला काही हवं होतं, त्याला तू हातानं थांबवलंस.

मग तू मला तुझे फसलेले तुकडे दाखवलेस. त्यांतला एक जरा जास्त तापवलेला. मला वाटलं, जास्त तापवलं तर तारा जास्त घट्ट बसतील, मग तो चांगला असणार. तू मान हलवलीस. जास्त तापवलं की लोखंड आणि ॲल्युमिनियम मिळून तारेभोवती एक ठिसूळ कवच करतात. मग तडा आला की तारेपाशी वळत नाही, कवच फोडून थेट तारेत शिरतो. आणि कमी तापवलं तर तारा नुसत्याच सुटून बाहेर येतात, भार घेतच नाहीत. मधली जागा फार अरुंद आहे, म्हणालीस, आणि ती शोधण्यातच माझी वर्षं चालली आहेत. तू हे तक्रारीनं बोलली नाहीस. कुणी आपल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोललीस.

पहिली पट्टी तू गणपतीच्या सणात घेऊन आलीस. ती मी फक्त घरात वापरायची, बाहेर नाही, असा तुझा हुकूम होता. पुढच्या खेपेला तू आमच्या ओटीवर मांडी घालून बसलीस, माझा बूट मांडीवर घेतलास आणि भिंग लावून बघत राहिलीस. मग तुझा चेहरा उतरला. घोट्याच्या स्क्रूसाठी भोक पाडलं होतं, तिथून तडा निघाला होता. भोक पाडताना तारा कापल्या गेल्या होत्या. जिथे त्यांची सगळ्यात जास्त गरज, तिथेच त्या अर्धवट तुटलेल्या. "एवढं मला कळायला नको होतं?" म्हणालीस, आणि तू रडलीस. तुझ्या रडण्याची मला सवय नव्हती. मी काय करावं ते न कळून तुझ्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले, आणि माझा पाय तसाच तुझ्या मांडीवर. अण्णा आतून आले, हे दृश्य पाहिलं आणि तसेच परत गेले.

दुसऱ्या पट्टीत तू तारा कापल्याच नाहीस. दाबायच्या आधीच जिथे भोक हवं तिथे खुंटी उभी केलीस आणि तारा तिच्या दोन्ही बाजूंनी वळवून नेल्यास, पाण्यात रोवलेल्या काठीच्या दोन्ही अंगांनी प्रवाह जातो तशा. हे कसं सुचलं म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "सुचलं नाही. झोप आली नाही." ती पट्टी यंत्रावर कितीतरी आठवडे वाकत राहिली. साहेबांनी स्वतः येऊन पाहिली. मग एकदा तू न कळवता आलीस, पिशवीतून दोन पट्ट्या काढून माझ्या हातात ठेवल्यास आणि म्हणालीस, "बाहेर चल."

वजन जवळजवळ निम्मं होतं. पाय उचलला तर तो माझ्या अंदाजापेक्षा वर गेला आणि माझा तोल गेला. आपण पळसदरीच्या तलावापर्यंत गेलो. अर्ध्या वाटेवर मी तुला हात सोडायला सांगितला. तू सोडलास आणि माझ्या मागून चालू लागलीस, नजर माझ्या घोट्यावर. तलावाच्या बांधावर बसलेल्या बायका आपल्याकडे बघून हसत होत्या. एक पुढे लंगडत चाललीय आणि दुसरी वाकून तिच्या पायाकडे बघत मागून येतेय.

राजीनामा मी दिला नाही.

गणपतनं त्या पट्ट्या हातात तोलून पाहिल्या, नखानं खरवडून पाहिल्या. "एवड्या हलक्यात एवडं बळ आलं कुटून?" म्हणाला. पुढच्या वेळी तू चौकला आलीस तेव्हा त्यानं तुला धरलंच, असे कमानपाटे करता येतील का म्हणून. तुम्ही दोघं एका मोडक्या पाट्यावर वाकून इतकं बोललात की माझ्या दोन एसट्या गेल्या. शेवटी तू त्याला सांगितलंस की एका पाट्याच्या खर्चात अख्खा ट्रक येईल. तो खूप हसला. तू नाही हसलीस.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि तीच मला शोकसभेतल्या लोकांना सांगायची होती. दिवाळीची सुट्टी होती. तू नेहमीसारखी ओटीवर बसून भिंगातून बघत होतीस. एकदम थांबलीस. म्हणालीस, "आला."

मला काही विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, काढ ती पट्टी, आत्ताच्या आत्ता काढ. तू वर पाहिलंस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर आनंद होता. मला तुझा इतका राग आला होता की विचारू नकोस.

"अगं, मी याचीच वाट बघत होते," तू म्हणालीस. "हा सांगून आलाय, नलू. आधीचे कधी सांगून आले होते का?"

तू भिंग माझ्या हातात दिलंस. घोट्याच्या जरा वर, ॲल्युमिनियममध्ये एक केसाएवढी रेघ. आत तारा होत्या, त्या दिसत नव्हत्या, पण मी त्या एकदा पाहिल्या होत्या. नवी पट्टी करायला तुला वेळ लागणार होता. मी विचारलं, तोवर शाळेचं काय. तू म्हणालीस, "तोवर हीच घालून जा. दर रविवारी मी बघायला येईन. मी सांगते तोवर ही तुला टाकणार नाही."

सुट्टी संपली आणि मी त्या पट्टीवर चौकला गेले. एसटीतून उतरले, हायवेच्या कडेला उभी राहिले. तडा गेलेली पट्टी पायात आहे, हे मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा नक्की माहीत होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी न भिता तो रस्ता ओलांडला. धड दिसणाऱ्या पट्ट्यांवर मी वर्षानुवर्षं भीत चालले आणि तडा गेलेल्या पट्टीवर निर्धास्त. पलीकडे पोचल्यावर मला उभं राहावंसं वाटलं, म्हणून मी थोडी उभी राहिले. पाठीमागून ट्रक जात होते. देवळात गेल्यावर लोकांना जे वाटत असेल, ते मला तिथे, डिझेलच्या धुरात, आपल्या घोट्याकडे बघताना वाटलं. ते मी तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, देऊळबिऊळ काही नाही, दाब आणि तापमान.

तुझ्या पट्ट्या बाजारात कधी आल्या नाहीत. हॉस्पिटलातून मोजक्या माणसांच्या पायात गेल्या, आणि मग प्रयोगशाळेचं लक्ष नव्या तंतूंकडे गेलं, पोलादाहून हलक्या. तुझ्या कामावर पुढची कामं उभी राहिली, असं तुझे सहकारी म्हणतात. मला त्यातलं कळत नाही. मी तुला म्हणायचे की तू भांडायला हवं होतंस, कारखानदारांच्या दारात जायला हवं होतंस. तू म्हणायचीस, "मला दारं वाजवता येत नाहीत. चाकं वाजवता येतात." यावर आपलं एकमत झालं नाही, आणि मी अजूनही माझंच खरं धरून आहे.

दुसरं भांडण शब्दाचं. तुला मराठीत एक लेख लिहायचा होता आणि धातूला जे होतं त्याला माझ्याकडून शब्द हवा होता. मी 'झीज' म्हटलं, तू म्हणालीस, झिजत काहीच नाही, वजन कणभर कमी होत नाही. मी 'थकवा' म्हटलं, तू म्हणालीस, थकवा झोपेनं जातो. मी 'श्रांती' म्हटलं. तू म्हणालीस, "श्रांती म्हटलं की मागून विश्रांती येते, आणि धातूला विश्रांतीचा उपयोग नाही. रात्रभर टेकवून ठेव, सकाळी तडा तिथेच असतो." लेख राहिला. दुखणं घेऊन तू कर्जतला मधुकरकडे, तुझ्या धाकट्या भावाकडे, राहायला आलीस, तेव्हाही मी रोज संध्याकाळी एक नवा शब्द घेऊन यायचे आणि तू तो उशीवरून नाकारायचीस. एकदा मी 'शीण' म्हटलं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणालीस, "हा चांगला आहे. पण हा माझ्यासाठी ठेव, धातूसाठी दुसरा शोध." मी अजून शोधलेला नाही.

त्या काळात तुला भिंग धरवत नव्हतं. तरी मी यायचे तेव्हा तू डोळ्यांनी खुणावायचीस, मी पलंगाच्या कडेला बूट टेकवायचे आणि तू बोटांच्या टोकांनी पट्टीवरून खालपासून वरपर्यंत हात फिरवायचीस. मधुकरच्या बायकोला ते बघवायचं नाही, ती स्वयंपाकघरात जायची. तू विचारायचीस, "कशी वाटते?" मी खरंखरं सांगायचे, जमेल तेवढं. खटका जरा सैल झालाय. चामडं मांडीला घासतं. उतारावर डावीकडे ओढते. तू ऐकून घ्यायचीस, आणि तुझं समाधान व्हायचं.

तू सकाळी गेलीस. दुपारी तुला उल्हास नदीच्या काठी न्यायचं ठरलं. बायकांनी जाऊ नये, असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं, जायचंच तर नलूताईंना रिक्षात बसवा, ऊन आहे, रस्ता खडबडीत आहे. मधुकर खांदा द्यायला वाकला होता, तो तसाच थांबला आणि म्हणाला, "ती चालत येईल."

मी तुझ्यामागून चालले. सगळ्या वाटेभर तुझाच विचार करत होते. तू लहानपणी किती घाणेरडी रेघ मारायचीस वहीत, तू केलेला तो कच्चा भात, पळसदरीच्या वाटेवर तुझ्या चपलेचा तुटलेला अंगठा. काठावर पोचलो, सगळं झालं, लोक परतले. मधुकर माझ्याजवळ आला. डोळे पुसत त्यानं विचारलं, "नलूताई, पाय फार दुखला असेल ना? पट्टी नीट आहे ना?"

मला खाली बघावं लागलं.

कुसुम, मला खाली बघावं लागलं. एवढी वाट चालून आले आणि पायाची आठवण एकदाही आली नव्हती. तेव्हा लक्षात आलं की हे आजचं नाही. चौकला वर्गात नकाशा काढताना, बाजारात, देवळात, कित्येक वर्षं मला तो पाय आठवतच नाही. मनाचा जो तुकडा मी खाली घोट्याशी ठेवून चालायचे, तो केव्हातरी आपणहून वर आला आणि मला कळलंही नाही. तू इतकी वर्षं विचारत होतीस, कशी वाटते, आणि मी तुला खटका आणि चामडं सांगत बसले. खरं उत्तर एवढंच होतं गं, की मला ती वाटतच नाही.